कोणत्या दिवसाचा रंग?

दिवाळी जवळ आली की आमच्या वडशात रंगाचे दिवस येतात. घरोघर चुन्याच्या आणि डिस्टेंपरच्या बादल्या निघतात, ती रीत साऱ्या महाराष्ट्राची आहे. पण आमच्या गावाची आणखी एक रीत आहे. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरू लागतात, त्यांच्यामागून शंकरपट येतात, आणि मंडई म्हटली की रात्रभराचे नाटक आलेच. त्या नाटककंपन्यांची बिऱ्हाडे वडशात. हंगामाच्या तोंडावर कंपन्यांचे पडदे उन्हात पसरले जातात. कुठे दरबाराचा खांब खपलीखपलीने गळालेला असतो, कुठे जंगलातल्या सागाला वाळवी लागलेली असते. मी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो त्याला आता बरीच वर्षे झाली. परंतु ह्या पडद्यांवरून कुंचला फिरवण्याचे काम मात्र अजून सुटलेले नाही. सुटावे असे वाटतही नाही.

सांगायचे ते असे की रंगाशी माझे कधी भांडण नव्हते. ते झाले दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत, आणि झाले तेही लाल-हिरव्या अशा एखाद्या नखरेल रंगाशी नव्हे, तर साध्या करड्या रंगाशी. चौदा बशांतून चौदा तऱ्हेचे करडे कालवून मी ओसरीवर बसलो होतो. एक राखेसारखा, एक पारव्याच्या गळ्यासारखा, एक पाऊस येऊ घातलेल्या आभाळासारखा. चकल्यांची परात घेऊन आमची ही बाहेर आली, बशांकडे पाहून थबकली आणि म्हणाली, "अहो, जन्मभर सगळे रंग हाताळले आणि आता म्हातारपणी राखेपाशी येऊन अडलात होय?"

अडलो होतो खरा. करडा रंग हवा होता तो एका युद्धनौकेसाठी.

वडसा आणि युद्धनौका! वाचकांना हसू येईल. इथून समुद्र शेकडो मैल दूर. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला, तेव्हापासून पुष्कळ वर्षे आख्ख्या जिल्ह्याला आगगाडीचे स्टेशन काय ते आमचे वडसा. जिथे आगगाडी इतकी दुर्मीळ तिथे जहाज कुठले? पण गंमत अशी की आम्ही समुद्रापासून वाटतो तितके तुटलेले नाही. गावाजवळून वैनगंगा वाहते. तिचे पाणी पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. त्याच उपसागरात १९७१ च्या डिसेंबरात विक्रांत ही आपली विमानवाहू नौका उभी होती, आणि ४ डिसेंबरला तिच्या पाठीवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझार इथे हल्ले केले होते. बॉयलरला तडे गेलेले, वेग आवरून धरावा लागलेला, तरी ती तिथे गेली होती. माझ्या मनाने वैनगंगेच्या पाण्याचा आणि त्या नौकेचा संबंध कधीच जोडून टाकला होता.

ही विक्रांत मी डोळ्यांनी पाहिली. २००१ ते २०१२ ह्या काळात ती मुंबईला संग्रहालय म्हणून उभी होती. तेव्हा शाळेची सहल घेऊन गेलो असताना पोरांच्या रांगेमागून मीही तिच्यावर चढलो. इंग्लंडात बांधायला घेतलेली, अर्धवट राहिलेली, १९५७ साली भारताने विकत घेतलेली आणि ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे आपल्या नौदलात दाखल झालेली ही नौका. १९९७ साली ती निवृत्त झाली. पुढे संग्रहालय चालवणे जमेना, लिलाव झाला, आणि २०१४ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या दारूखान्यात तिच्या अंगावर गॅसचे कटर चालू लागले. तिचे थोडे पोलाद वितळून एका कंपनीच्या मोटारसायकलींत गेले. २०२२ साली तिचेच नाव घेऊन नवी विक्रांत कोचीला नौदलात दाखल झाली आहे. म्हणजे आजच्या पोरांनी विक्रांत म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे नवी उभी राहणार. जुनी आता उरली ती चित्रांत, प्रतिकृतींत आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यात.

तेव्हा मी ठरवले, आपण एक प्रतिकृती करायची. खरी नौका सातशे फुटांची. साडेतीनशेस एक हे प्रमाण धरले की बरोबर दोन फूट होते. शिवणीचे लाकूड कोरायला मऊ आणि चिरा न जाणारे. पावसाळाभर बसून सांगाडा तासला.

आमच्याच वॉर्डात एक गृहस्थ राहतात. त्यांना सारे भाऊ म्हणतात, मीही म्हणतो. तरुणपणी ते नौदलात होते आणि १९७१ साली विक्रांतच्या बॉयलरपाशी स्टोकर म्हणून काम करत होते. मी सांगाडा त्यांच्यापुढे नेऊन ठेवला. त्यांनी तो फिरवून पाहिला, पुढच्या टोकावरच्या चढणीवर बोट ठेवले आणि म्हणाले, "मास्तर, हे नाक कोठून आणलं? आमच्या वक्ती नाक सपाट होतं."

चूक माझी होती. मी मुंबईला पाहिलेली नौका म्हातारपणची होती. सी हॅरिअर विमानांना झेप घेता यावी म्हणून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिच्या नाकाला ती वर वळलेली चढण बसवण्यात आली. १९७१ साली वाफेच्या गोफणीने विमान पुढे भिरकावले जाई आणि नाक सपाट असे. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, तरी चुकलो. डोळ्यांनी खोटे सांगितले नव्हते. त्यांनी दुसऱ्याच वर्षाचे खरे सांगितले होते. मी मुकाट्याने रंधा घेतला आणि चढण तासून काढली.

मग रंग. एका जुन्या साप्ताहिकात नौकेचे रंगीत चित्र मिळाले. त्याबरहुकूम थोडा तांबूस झाकीचा, उबदार असा करडा मी कालवला, दोन हात दिले आणि नौका पुन्हा भाऊंकडे नेली. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली, बराच वेळ पाहिली आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "हाव मास्तर, असाच होता. अगदी असाच."

त्या रात्री मी कृतार्थ होऊन झोपलो, हे कबूल केले पाहिजे.

पुढे महिन्याभराने मला दुसरे एक रंगीत चित्र मिळाले. त्याच नौकेचे, त्याच सुमाराचे. आणि त्यात ती निळसर, जवळजवळ चंदेरी! मी चौकशी केली तेव्हा समजले की जुन्या रंगीत छायाचित्रांतले निळसर रंजक बहुधा आधी विरते आणि चित्र वर्षावर्षाने तांबूस होत जाते. माझा उबदार करडा विक्रांतचा नव्हता; तो म्हाताऱ्या झालेल्या कागदाचा होता. मी खजील होऊन नौका घासली, नवा थंड करडा दिला, आणि काही न बोलता भाऊंसमोर ठेवली. त्यांनी हातात घेतली, पाहिली. म्हणाले, "हाव, असाच होता."

मी घरी आलो तो जड पावलांनी. भाऊ खोटे बोलणारे गृहस्थ नव्हेत. नाकाच्या बाबतीत त्यांनी माझी भीड ठेवली नव्हती. मग रंगाच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टींना त्यांनी तीच मान कशी डोलावली? विचार करता करता माझ्या ध्यानात आले आणि अंगावर काटा आला. कोर्टात ज्याला साक्षीदार पढवणे म्हणतात, तो गुन्हा मी केला होता. पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वीचा एक करडा त्यांच्या मनाच्या तळाशी कुठेतरी पुसट होऊन पडला असेल. मी त्यावर माझा ताजा ओला करडा फासला, आणि तोही एकदा नव्हे, दोनदा. आता खालचा रंग वर येणार कसा?

इथे वाचक म्हणतील, मास्तर, एवढ्याशा गोष्टीचा केवढा हा बाऊ! दोन फुटांचे लाकूड, त्याला करडा लावला की झाले. तो तपासायला कोण नौदलाचा अधिकारी वडशाला येणार आहे? आमची ही हेच म्हणाली. कंपनीच्या पडद्यावर मी निळीचा समुद्र करतो, त्यावर कागदाची गलबते डोलतात, तेव्हा कुठे मी समुद्राची चौकशी करायला जातो? बिनतोड प्रश्न. त्याला उत्तर द्यायला मला काही दिवस लागले.

उत्तर असे. पडद्यावरचा राजवाडा पाहून झाडीपट्टीत आजवर कोणी फसलेले नाही. पहाटे चार वाजता, थंडीत घोंगडी पांघरून बसलेल्या प्रेक्षकाला पक्के ठाऊक असते की हे फडके आहे. पडदा त्याला म्हणतो, 'समजा.' आणि तो समजतो. दोघांच्या संमतीने हा व्यवहार होतो. प्रतिकृती मात्र 'समजा' म्हणत नाही. ती म्हणते, 'असे होते.' हे दोन शब्द एकदा उच्चारले की सवलत संपली. माझ्या हाताला जन्मभर 'समजा'ची सवय. त्याच हाताने मी 'असे होते' लिहायला बसलो होतो. खोट तिथे होती.

शिवाय मूळ वस्तू जगात असेपर्यंत प्रतिकृतीची चूक ही नुसती चूक असते. कोणीही जाऊन ताडून पाहू शकतो. मूळ वस्तू गेली की प्रतिकृतीच साक्षीदार होते. दीवला समुद्राकाठी खुकरी ह्या नौकेचे स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी ती नौका बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आणि त्यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. त्या स्मारकात काचेच्या घरात खुकरीची प्रतिकृती ठेवलेली आहे. ज्यांची माणसे त्या नौकेबरोबर गेली त्यांना पाहायला, हात जोडायला तीच. अशा ठिकाणी रंगाचा विचार म्हणजे हौस राहत नाही. समाधीवर नाव कोरताना वेलांटी चुकली तर आत निजलेल्याला काही बाधत नाही. तरी ती चुकू नये म्हणून आपण जपतो. कोणी तपासायला येणार म्हणून जपत नाही. गेलेल्याला आता आपली चूक दुरुस्त करता येत नाही, म्हणून जपतो.

बरे, हा छंद एकट्या माझ्या डोक्यातला नाही. जगात ह्या एवढ्याशा प्रश्नापायी जन्म घालवणारी माणसे आहेत आणि त्यांच्या हकिगती वाचताना मला फार धीर आला.

स्वीडन देशात वासा नावाची युद्धनौका होती. १० ऑगस्ट १६२८ रोजी, पहिल्याच सफरीला निघाली असता, ती स्टॉकहोमच्या बंदरातच कलंडून बुडाली. तीनशे तेहतीस वर्षे ती चिखलात होती. २४ एप्रिल १९६१ रोजी तिला वर काढले. आपली विक्रांत नौदलात दाखल झाली त्यानंतर अवघ्या दीड महिन्याने! वासाच्या अंगावर शेकडो कोरीव मूर्ती, पण रंग सगळा धुऊन गेलेला. तेव्हा तज्ज्ञांनी अंदाज बांधला की नौका निळी असेल आणि तिच्यावरच्या मूर्ती सोनेरी. कित्येक वर्षे चित्रांतून तशीच ती दाखवली गेली. मग लाकडाच्या खाचांत चिकटून राहिलेले रंगाचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात आले, आणि निघाले काय? निळी नव्हेच, पार्श्वभूमी तांबडी, आणि मूर्ती आपल्या दक्षिणेकडच्या गोपुरांवर असाव्यात तशा भडक रंगांच्या! आज तिथल्या संग्रहालयात मूळ नौकेशेजारी एकास दहा प्रमाणाची प्रतिकृती ठेवली आहे, ती ह्या सापडलेल्या रंगांत. मूळ नौका रंगाविना उभी आहे आणि रंग प्रतिकृतीने सांभाळला आहे.

दुसरी हकिगत इंग्रजांची. ट्रफॅल्गरच्या १८०५ च्या लढाईतली नेल्सनची व्हिक्टरी नौका पोर्टस्मथला जपून ठेवली आहे. तिचे काळे-पिवळे पट्टे जगभर ठाऊक. लाखो पोरांनी आपापल्या प्रतिकृती तशाच पिवळ्याजर्द रंगवल्या. अलीकडे संशोधकांनी तिच्या अंगावरचे रंगाचे थर एकाखाली एक उकलले. काही ठिकाणी ते बहात्तर भरले! त्यांत ट्रफॅल्गरच्या काळाचा थर शोधला, तो झगझगीत पिवळा नव्हताच. फिका, किंचित गुलाबी झाक असलेला मातकट रंग होता. २०१५ साली नौकेला तोच रंग देण्यात आला. लोकांना तो खोटा वाटला असेल तर नवल नाही. जन्मभर जे पिवळे पाहिले ते खरे की हे? सर्वांना ठाऊक असणे आणि खरे असणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगायला एवढे सोपे उदाहरण मला दुसरे सापडले नाही.

आणि खरे कधी कधी खोट्याहून खोटे दिसते. आपले शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन हे मुळात नौदलातले. १९४० साली त्यांनी पाहिले की एक जांभळट रंगाचे जहाज पहाटे-सांजेच्या उजेडात इतर जहाजांच्या आधी दिसेनासे होते; म्हणून त्यांनी आपल्या विनाशिकांना तसला गुलाबी-जांभळा रंग दिला. माउंटबॅटन पिंक म्हणून तो प्रसिद्ध आहे. आता कोणी त्या विनाशिकेची प्रतिकृती केली आणि खऱ्या रंगात रंगवली, तर पाहणारा म्हणणार, बाहुल्यांच्या खेळातली दिसते! आणि करडी रंगवली तर म्हणणार, वा, हुबेहूब! अशा वेळी कारागिराने कोणाचे ऐकावे? टाळी हवी असेल तर करडा द्यावा. पहिल्या महायुद्धात तर ह्यावरही कडी झाली. १९१७ साली नॉर्मन विल्किन्सन ह्या चित्रकाराने शत्रूला जहाजाची दिशा कळू नये म्हणून त्यावर झेब्ऱ्यासारखे वेडेवाकडे पट्टे मारण्याची युक्ती काढली. लंडनच्या रॉयल अकॅडमीत लहान लहान लाकडी नौका आधी रंगवून, दुर्बिणीसारख्या नळीतून पाहून, मग ते पट्टे खऱ्या जहाजांवर चढवीत. त्या रंगाचा सारा उद्देशच फसवण्याचा. आणि आज शंभर वर्षांनी प्रतिकृती करणारी माणसे त्या फसवणुकीची नक्कल मात्र अगदी प्रामाणिकपणे, रेघेरेघेने करू पाहतात. ह्यात विसंगती नाही. खोटेपणा घडला असेल तर तो जसा घडला तसा नोंदवणे, हे खरेपणाचेच काम आहे.

जुन्या कृष्णधवल छायाचित्रांवर विसंबावे, तर तीही सरळ नाहीत. पूर्वीच्या एका जातीच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे; लाल पट्टा तिच्यात काळा उमटे आणि निळा पांढुरका होऊन बसे. म्हणजे कॅमेरा, कागद, डोळा, आठवण, प्रत्येक साक्षीदार आपापल्या परीने प्रामाणिक आणि आपापल्या परीने आंधळा. ह्यातून काही मंडळी असा निष्कर्ष काढतात की मग सगळे सारखेच. कोणताही करडा लावा. हा निष्कर्ष मोठा सोयीचा आहे, म्हणूनच मला त्याचा संशय येतो. नाक सपाट होते हे खात्रीने कळलेच ना? नौका गुलाबी नव्हती हेही कळलेच. पूर्ण सत्य हाती लागत नाही, एवढ्यावरून अर्धे सत्य आणि थाप ह्यांची किंमत एक होत नाही. विहिरीचा तळ दिसत नाही म्हणून कोणी पोहरा सोडायचे थांबत नाही.

पोहरा कसा सोडावा, एवढाच प्रश्न होता. मी माझी चूक ओळखली होती: मी आधी दाखवले आणि मग विचारले. म्हणून तिसऱ्या खेपेला मी भाऊंकडे गेलो तो रिकाम्या हाताने. नौका नाही, चित्र नाही, बशी नाही. चहा झाला. मी म्हटले, "भाऊ, तुमच्या त्या नौकेचा रंग मला सांगा. मी काही दाखवणार नाही. तुम्हीच सांगा."

ते हसले. म्हणाले, "मास्तर, खरं सांगू? मी तिले दुरून पाह्यलंच कवा? मी पोटात राहो तिच्या. बंदरात लागलो का मंग दोराले फळी बांधून खाली सोडत, त्याच्यावर बसाचं, गंज खरडाचा, लाल प्रायमर माराचा आन् वरून करडा. नाकाच्या समोर वीतभर करडा, बस्स. हाताले लागला का रॉकेलनं धुवाचा. एक बाजू पुरी झाली का दुसऱ्या बाजूले गंज हाजर. तुम्हाले कोन्या दिवसाचा रंग पायजे?"

मी गप्प राहिलो. जन्मभर चित्रकला शिकवली, पण हा प्रश्न मला कोणी घातला नव्हता.

कोणत्या दिवसाचा रंग? मी 'विक्रांतचा रंग' शोधत होतो, जणू तो कुठेतरी एका डब्यात झाकण लावून ठेवलेला आहे. पण नौका म्हणजे डबा नव्हे. ओला करडा वेगळा, महिनाभर उन्हात तापलेला वेगळा, मीठ बसलेला वेगळा. आणि तोच करडा वीतभरावरून पाहणाऱ्या खलाशाला वेगळा, किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला वेगळा. पडदे रंगवणाऱ्याला तरी हे कळायला हवे होते. दूरचा डोंगर दाखवताना आम्ही हिरव्यात निळे-पांढरे मिसळतो, कारण मधली हवा रंग खाते. दोन फुटांची नौका दोन फुटांवरून पाहायची म्हणजे खरी नौका सातशे फुटांवरून पाहायची. तेव्हा डब्यातला खरा करडा जसाच्या तसा लावला तर डोळ्याला तो जास्त गडद दिसणार. म्हणून प्रतिकृती करणारांपैकी काहीजण रंगात मुद्दाम थोडे पांढरे मिसळतात, आणि काहीजण ह्याला लबाडी म्हणतात. एक पक्ष रंगाशी प्रामाणिक, दुसरा डोळ्याशी. दोघांचेही बरोबर आहे. फक्त आपण कोणत्या पक्षाचे हे सांगून टाकले पाहिजे.

भाऊंच्या प्रश्नाने माझी एक मोठी चूक काढून टाकली. 'खरा रंग कोणता?' ह्याला उत्तर नव्हते. 'अमुक दिवशी, अमुक जागेवरून, कोणाच्या डोळ्याला?' ह्याला थोडेफार उत्तर होते. मला वाटते, आपण माणसांविषयीही अशीच चूक करतो. 'तो माणूस खरा कसा होता हो?' असे वारल्यावर विचारतात. कोणत्या दिवशी? कोणापाशी? मुलाला बाप ज्या रंगाचा दिसला तो सोबत काम करणाऱ्याला दिसला नसेल. दोघांच्या साक्षी जुळत नाहीत म्हणून दोघांपैकी एक लबाड ठरत नाही. लबाड ठरतो तो तारीख न घालता साक्ष देणारा.

मी म्हटले, "भाऊ, डिसेंबरातला सांगा. लढाईच्या वेळचा."

ते बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "तवा समुद्रात होतो. समुद्रात असताना फळी कोन सोडते? मीठ बसलं होतं सगळीकडं. नांगराच्या भोकाखालून गंजाचा ओघळ उतरलेला. तो मले ध्यानात आहे, कावून का तो काढाचं काम बंदरात गेल्यावर आमच्याच वाट्याले आलं."

ही साक्ष मी पढवलेली नव्हती. ती त्यांच्या खांद्याने आणि मनगटाने सांभाळली होती. करड्याची छटा ते विसरले होते. पण खरवडलेला गंज माणूस विसरत नाही.

मी घरी येऊन नौका तिसऱ्यांदा घासली. दोन्ही चित्रांच्या मधला, जरा निस्तेज करडा कालवला, त्यात चिमूटभर पांढरा घातला, पाणरेषेच्या वर मिठाची पुसट कड ओढली, आणि नांगराच्या भोकाखाली अगदी बारीक कुंचल्याने तांबूस ओघळ सोडला. मग नौकेच्या खालच्या फळीवर एक चिठ्ठी डकवली. तिच्यावर लिहिले: 'विक्रांत, डिसेंबर १९७१. नाक सपाट: खात्रीने. गंजाचा ओघळ: त्या वेळी नौकेवर असलेल्या एका खलाशाच्या सांगण्यावरून. करडा रंग: अंदाजाने, सातशे फुटांवरून दिसावा तसा.'

चिठ्ठी वाचून आमची ही म्हणाली, "शेवटची ओळ कशाला लिहिलीत? एवढी मेहनत केली ती सगळी फुकट. लोक म्हणतील, मास्तरांना काही ठाऊक नाही."

म्हणोत बापडे. कोणाला उद्या खात्रीचा करडा सापडला, तर त्या ओळीमुळे त्याला नेमके कळेल की नौकेचा कोणता भाग घासायचा आणि कोणत्या भागाला हात लावायचा नाही. ती ओळ नसती तर माझा अंदाज बाकीच्या खऱ्याच्या आडोशाने खरा म्हणून खपला असता, आणि कोणीतरी डोळे भरून येऊन म्हटले असते, 'अगदी असाच होता.' आपल्या न कळण्याला कुंपण घालून ठेवणे हेही पुढच्या माणसाचे एक देणे आहे, असे मला आता वाटते.

गेल्या दिवाळीत ती नौका आम्ही ओसरीवर पणत्यांशेजारी ठेवली. वॉर्डातली पोरे जमली. एका चुणचुणीत पोराने लगेच बोट दाखवले, "सर, इथं रंग खराब झाला आहे." मी काही सांगणार तोच मागून भाऊ म्हणाले, "खराब नाई झाला, बापू. तो गंज आहे. म्या काढला होता तो." पोरगे त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिले.

पोरे फटाक्यांकडे पळाली. भाऊंनी चष्मा लावला, नौका उचलून खालची चिठ्ठी वाचली. शेवटच्या ओळीवर त्यांचे बोट दोनदा फिरले.

"हे बरं केलं, मास्तर," ते म्हणाले, आणि नौका जिथून उचलली होती तिथेच हळूच ठेवून दिली.